दुःखाचा खुलासा कोणी द्यायचा?

१५ जानेवारी १९३४ रोजी दुपारी बिहार आणि नेपाळ हादरले. दहा हजारांहून अधिक माणसे मेली, मुंगेर शहर जवळजवळ भुईसपाट झाले. गांधीजी त्या वेळी अस्पृश्यतानिवारणाच्या दौऱ्यावर दक्षिणेत होते. हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने केलेली शिक्षा आहे, असे त्यांनी तिथल्या सभांमधून सांगायला सुरुवात केली. अस्पृश्यतेच्या प्रश्नावर रवींद्रनाथ ठाकूर गांधीजींच्याच बाजूचे; पण हे वाचून त्यांना राहवले नाही. नैसर्गिक उत्पाताची कारणे निसर्गातच शोधायची असतात, असे त्यांनी निवेदन काढून सांगितले. दूर सुखरूप बसलेल्यांना धडा मिळावा म्हणून बिहारमधली मुले आणि खुद्द अस्पृश्य माणसेही ढिगाऱ्याखाली गाडणारा ईश्वर असेल, तर त्याच्यापेक्षा साध्या माणसाची नीती वरचढ ठरते. खरी मेख पुढे होती: हा युक्तिवाद गांधीजींपेक्षा त्यांच्या विरोधकांनाच जास्त सोयीचा आहे. मंदिरप्रवेशाची चळवळ केली म्हणून देव कोपला, असे एखाद्या सनातन्याने म्हटले, तर ते खोडणार कशाने? गांधीजींनी ते निवेदन १६ फेब्रुवारीच्या ‘हरिजन’मध्ये छापले आणि सोबत उत्तर दिले. संबंध सिद्ध करता येत नाही हे त्यांना मान्य होते. पण श्रद्धा सोडायला ते तयार नव्हते.

या वादात रवींद्रनाथांचा मुद्दा बिनतोड होता, असेच मी म्हणेन. तरी गांधीजींच्या बाजूने एक गोष्ट नोंदवायला हवी. ती शिक्षा ‘त्यांना’ झाली, असे ते म्हणत नव्हते. ‘आपल्याला’ झाली, असे म्हणत होते. सवर्ण हिंदू म्हणून त्या पापात स्वतःला धरून ते बोलत होते. अडचण एवढीच, की पाप ‘आपले’ आणि मेले मात्र दुसरेच.

देव दयाळू आहे, सर्वशक्तिमान आहे, मग जगात इतके दुःख का, या प्रश्नावर गेली दोन-अडीच हजार वर्षे लिहिले जात आहे. त्या लेखनाची विभागणी बहुधा देवाच्या बाजूने आणि देवाच्या विरुद्ध अशी केली जाते. मला ती फारशी उपयोगाची वाटत नाही. प्रत्येक उत्तरात खुलाशाचे ओझे कोणाच्या खांद्यावरून उतरते आणि कोणाच्या खांद्यावर चढते, हे पाहिले तर हा सगळा इतिहास वेगळाच दिसू लागतो.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात हा प्रश्न ज्या रूपात रुळला, ते रूप एपिक्युरसच्या नावावर सांगितले जाते. देवाला वाईट दूर करायचे आहे पण जमत नाही, की जमते पण करायचे नाही? डेव्हिड ह्यूमने तो पेच आपल्या धर्मविषयक संवादांत घेतला. ते संवाद तो गेल्यावर तीन वर्षांनी, १७७९ मध्ये, प्रसिद्ध झाले. त्याच्या कितीतरी आधी, १७१० मध्ये, लायब्निझने देवाची वकिली करणारा मोठा ग्रंथ लिहून ठेवला होता. शक्य असलेल्या सर्व जगांत हेच जग उत्तम, हा त्याचा निष्कर्ष. व्होल्तेअरने ‘कांदीद’मध्ये त्याची जी टर उडवली, ती इतकी गाजली की मूळ युक्तिवाद वाचण्याचे कष्ट पुढे फार थोड्यांनी घेतले.

विसाव्या शतकात हा वाद तर्कशास्त्रज्ञांच्या हाती गेला. १९५५ मध्ये जे. एल. मॅकी या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने असा दावा केला, की सर्वशक्तिमान आणि पूर्ण चांगला देव मानणे आणि वाईटाचे अस्तित्व मानणे यांत सरळ विसंगती आहे. दावा जबर होता, म्हणूनच महागात पडला. विसंगती आहे म्हणणाऱ्याला ती दाखवून द्यावी लागते. अमेरिकन तत्त्वज्ञ अल्विन प्लँटिंगाने नेमके तिथे बोट ठेवले. देवाने दुःख का दिले हे सांगायला तो बसलाच नाही. स्वतंत्र इच्छा असलेली माणसे निर्माण करायची, आणि त्यांनी कधीच वाईट करायचे नाही अशी तजवीजही करायची, हे कदाचित सर्वशक्तिमानालाही शक्य नसेल. आणि विसंगतीचा आरोप पाडायला हे ‘कदाचित’ पुरेसे आहे. आरोपीने आपण निर्दोष असल्याचे सिद्ध करायचे नसते, फिर्यादीच्या पुराव्यात फट दाखवली की झाले, तसा हा बचाव. मॅकीनेही पुढे आपला दावा बराच सैल केला.

मग १९७९ मध्ये विल्यम रो या तत्त्वज्ञाने दावा हलका केला आणि प्रश्न जड. जंगलात वीज पडून वणवा लागतो, त्यात एक हरणाचे पाडस होरपळते आणि काही दिवस तडफडून मरते. कोणी पाहिले नाही, कोणी काही शिकले नाही, कोणाच्या स्वातंत्र्याचा संबंध नाही. यातून काही मोठे भले साधले असेल, असे मानायला काय आधार? यावर आस्तिकांचे अलीकडचे ठरावीक उत्तर म्हणजे, देवाची कारणे आपल्याला दिसत नाहीत याचा अर्थ ती नाहीत असा होत नाही. स्टीफन वायक्स्ट्राने १९८४ मध्ये ते नीट मांडले. तर्क म्हणून ते टिकते. पण ते एकदा स्वीकारले की डोळ्यांदेखत घडणाऱ्या कोणत्याही क्रौर्याबद्दल ‘हे व्हायला नको होते’ असे ठामपणे म्हणता येत नाही. मला ही किंमत फार वाटते.

‘देवालाच ठाऊक’ हे उत्तर अर्धवट दिले तर काय होते, याची एक गोष्ट इस्लामी परंपरेत सांगतात. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अल्-अशअरी याने आपला गुरू अल्-जुब्बाई याला तीन भावांबद्दल विचारले. एक धार्मिक, एक पापी, एक लहानपणीच मेलेला. गुरू म्हणाला, पहिला स्वर्गात, दुसरा नरकात, तिसऱ्याला ना बक्षीस ना शिक्षा. त्या मुलाने देवाला विचारले, की मला जगू दिले असतेस तर मीही स्वर्ग कमावला असता, तर? देव सांगेल, मोठेपणी तू पापी होणार हे मला माहीत होते, तुझ्या भल्यासाठीच लवकर नेले. आणि मग नरकातला भाऊ ओरडून विचारेल, की मला का नाही लवकर नेलेस? गुरूकडे उत्तर नव्हते. शिष्य त्याला सोडून गेला. गोष्ट खरी घडली असेलच असे नाही, पण देवाला सगळ्यांच्या भल्याला बांधून घेणाऱ्या धर्मशास्त्राचा इतका थोडक्यात निकाल दुसरीकडे क्वचितच लागला असेल.

आपल्याकडे हा प्रश्नच नव्हता, कर्मसिद्धान्ताने तो आधीच सोडवला होता, असे अनेकदा अभिमानाने सांगितले जाते. ते खरे नाही. बादरायणाच्या ब्रह्मसूत्रांत, दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात, आक्षेप स्पष्ट नोंदवला आहे: जग ईश्वराने निर्माण केले असेल तर त्याच्यावर वैषम्य आणि नैर्घृण्य, म्हणजे पक्षपात आणि निर्दयपणा, हे दोन दोष येतात. उत्तर असे, की ईश्वर प्राण्यांच्या कर्माच्या अपेक्षेनेच फळ देतो. शंकराचार्य भाष्यात पावसाचा दृष्टान्त देतात: पाऊस सगळीकडे सारखा पडतो; भात उगवतो की जव, हे बियाण्यावर. पण अगदी पहिल्या सृष्टीच्या वेळी कर्म कुठून आले? त्यावर पुढचे सूत्र सांगते, की संसार अनादी आहे. पहिली वेळ अशी नव्हतीच.

नैयायिकांनी ईश्वराला फळे वाटणारा अधिष्ठाता केले, कारण अचेतन कर्म आपले आपण हिशेब कसा ठेवणार? मीमांसकांनी आणि जैनांनी निर्माताच नाकारला. कुमारिलभट्टाने तर विचारले, की सृष्टीच्या आधी दया करायला कोणी नव्हतेच, मग दयेपोटी निर्मिती झाली कशी? जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरने कर्मसिद्धान्ताला दुःखाच्या समर्थनाच्या सर्वांत सुसंगत पद्धतींत गणले. सुसंगत तो आहेच. २००५ मध्ये व्हिटली कॉफमनने त्याच्यावर आक्षेपांची यादी केली: आठवत नसलेल्या कृत्याची शिक्षा ही कसली शिक्षा, अनादी म्हटल्याने प्रश्न सुटतो की नुसता मागे ढकलला जातो, वगैरे. दोन वर्षांनी मोनिमा चढ्ढा आणि निक ट्राकाकिस यांनी त्याला उत्तरही दिले. तो वाद वाचण्यासारखा आहे. पण त्याहून खोल जाणारी चिकित्सा महाभारतात आहे, आणि तिच्याकडे फारसे कोणी वळत नाही.

द्रौपदीचा वनपर्वातला संताप बऱ्याच जणांना ठाऊक असतो. लहान मूल खेळण्यांशी खेळते तसा विधाता माणसांशी खेळतो, असे ती युधिष्ठिराला सुनावते, आणि तो तिला ही नास्तिकाची भाषा आहे म्हणतो. मला जास्त महत्त्वाची वाटते ती अनुशासनपर्वाच्या अगदी सुरुवातीची गौतमीची कथा. गौतमी या वृद्ध स्त्रीचा मुलगा साप चावून मरतो. अर्जुनक नावाचा व्याध साप पकडून आणतो आणि विचारतो, याला कसा मारू? गौतमी म्हणते, सोड त्याला, याला मारून माझा मुलगा परत येणार नाही. व्याध हटून बसतो. साप म्हणतो, माझा काय दोष, मला मृत्यूने पाठवले. मृत्यू हजर होतो आणि म्हणतो, मी काळाच्या आज्ञेत आहे. शेवटी काळ येतो आणि सांगतो, आम्ही कोणीच दोषी नाही. हा मुलगा आपल्याच कर्माने मेला.

म्हणजे साप सुटला, मृत्यू सुटला, काळ सुटला, आणि दोष जाऊन बसला तो तिथे बोलू न शकणाऱ्या एकट्या मेलेल्या पोरावर. गौतमी हे मान्य करते. माझ्याही कर्मामुळे मला हा शोक आला, असे म्हणते. तिच्या तोंडी ते वाक्य सूड थांबवते, एक जीव वाचवते. पण ही कथा सांगतो कोण, आणि कोणाला? शरपंजरी पडलेला भीष्म सांगतो युधिष्ठिराला. युद्ध जिंकलेल्या, आप्तांच्या संहाराने होरपळणाऱ्या राजाला. तू कारण नाहीस, जो तो आपल्या कर्माने मेला, हे त्याला पटवायचे आहे. आईने स्वतःपुरते म्हटलेले वाक्य असे विजेत्याच्या सांत्वनासाठी कामाला येते. दुःखाच्या समर्थनात जे चुकते, ते मला नेमके इथे दिसते. सिद्धान्त तोच, शब्द तेच. बोलणारा बदलला की त्याचा अर्थ उलटा होतो.

बौद्ध परंपरेने या बाबतीत लवकर सावध पवित्रा घेतला. संयुत्तनिकायात सीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो, की माणूस भोगतो ते सगळे पूर्वकर्मामुळेच, असे काही जण म्हणतात, ते खरे का? बुद्ध उत्तर देतो, की पित्त, कफ, वात, ऋतुबदल, आघात अशी वेदनेची कितीतरी कारणे असतात. सगळे पूर्वकर्माच्या माथी मारणारे मर्यादा ओलांडतात. डॉ. आंबेडकरांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात ही दिशा पार टोकाला नेली. गरिबाची आणि हीन ठरवलेल्याची अवस्था त्याच्या मागच्या जन्माचे फळ आहे, असे सांगण्याचा हेतू एकच असू शकतो: राज्याला आणि समाजाला जबाबदारीतून मोकळे करणे. करुणामय बुद्धाने असे काही शिकवले असेल, हे त्यांना मान्य नव्हते. वेबरला ज्यात सुसंगती दिसली, त्यात आंबेडकरांना पळवाट दिसली. दोघांचेही निरीक्षण बरोबर आहे, आणि दुसऱ्याचे अधिक उपयोगी.

ही पळवाट फक्त कर्मवाद्यांची नाही. १९६६ मध्ये मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका स्त्रीला चुकीच्या उत्तरांबद्दल विजेचे झटके बसताहेत असे प्रेक्षकांना दाखवले (झटके खोटे होते). जिथे प्रेक्षकांना तिचे हाल थांबवण्याचा मार्ग नव्हता, तिथे ते तिलाच कमी लेखू लागले. जग न्यायी आहे ही समजूत टिकवण्यासाठी माणूस बळी पडलेल्यालाच दोषी ठरवतो, असा लर्नरचा निष्कर्ष. ‘काहीतरी केलं असेल, उगाच नाही’ हे गावगप्पांतले वाक्य त्याने प्रयोगशाळेत पकडले, एवढेच. कुष्ठरोगाचा जंतू हॅन्सेनने १८७३ मध्ये दाखवला, औषधेही आली, तरी तो पापाचे फळ मानून माणसे गावाबाहेर काढणे किती उशिरापर्यंत चालू राहिले, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको.

मराठी संतपरंपरेत याच प्रश्नावर जे घडले, त्याची तात्त्विक चर्चा जेवढी व्हायला हवी तेवढी झालेली नाही. चोखामेळ्याच्या नावावरच्या अभंगांत आपल्या हीन जातीचे कारण मागच्या जन्मात शोधणारे अभंग आहेत. परंपरा सांगते, की मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर असताना भिंत कोसळून तो गेला. देवळात शिरू न दिलेल्या भक्ताची समाधी पंढरपूरला देवळाच्या पायरीशी आहे. त्याचा मुलगा कर्ममेळा मात्र बापाचे उत्तर पुढे चालवत नाही. तो विठ्ठलालाच जाब विचारतो: आम्हाला या जातीत घातलेस, उष्टे खायला लावलेस, तुला याची लाज नाही का? एकाच घरात, एका पिढीच्या अंतराने, खुलाशाचे ओझे भोगणाऱ्याच्या डोक्यावरून काढून देवाच्या पुढ्यात टाकले गेले.

माझ्या म्हणण्यातली एक कच्ची जागा इथे उघडी पडते. दुःखाचा अर्थ फक्त भोगणाराच लावू शकतो, असे म्हणून भागत नाही. कारण भोगणाऱ्याच्या तोंडी कधीकधी त्याला छळणाऱ्यांनीच शिकवलेले उत्तर असते. चोखोबाचे स्वतःवर दोष घेणे त्याचे किती आणि त्याच्यावर लादलेले किती? कर्ममेळा नसता तर हा प्रश्न विचारायलाही आपल्याला धीर झाला नसता.

तुकारामांचे तसे नाही. १६३० ते १६३२ च्या दुष्काळात त्यांचे दिवाळे निघाले, पहिली बायको अन्नावाचून गेली. पुढे एका अभंगात ते याच आपत्तीबद्दल देवाला बरे झाले म्हणतात, कारण त्यातून प्रपंच सुटला आणि देव जवळ आला. हे वाक्य त्यांनी शेजाऱ्याच्या मेलेल्या बायकोबद्दल म्हटले असते, तर ते तुकाराम राहिले नसते. तरी खटकते ते खटकतेच: दुष्काळ तुकारामांना फळला, त्या माउलीला काय मिळाले? दुःखातून आत्मा घडतो, असे म्हणणाऱ्या सगळ्यांना हे लागू आहे. १९६६ मध्ये जॉन हिक या तत्त्वज्ञाने ही भूमिका मोठ्या ताकदीने मांडली, पण घडायला वेळच न मिळालेल्यांसाठी त्यालाही मरणोत्तर आयुष्याचा आधार घ्यावा लागला.

भूकंपांकडे परत यायचे तर १ नोव्हेंबर १७५५ चे लिस्बन टाळता येत नाही. सर्व संतांचा सण, चर्चे भरलेली, आणि त्याच वेळी धक्के, आग, समुद्राची लाट. व्होल्तेअरने त्यावर कविता लिहून आशावाद्यांना झोडपले. त्यावर रूसोने १७५६ मध्ये पत्र लिहिले, ते मात्र कमी वाचले जाते. सहा-सात मजल्यांची वीस हजार घरे तिथे निसर्गाने एकत्र रचली नव्हती, असे त्याने दाखवून दिले. देवाची बाजू घेता घेता त्याने प्रश्नच देवाकडून नगररचनेकडे वळवला.

आपले लिस्बन किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालेले, पहाटे चारच्या सुमारास लोक गाढ झोपेत. जगातल्या मोठ्या भूकंपांच्या तुलनेत धक्का मध्यम. लातूर-उस्मानाबादकडचा तो भाग तेव्हाच्या नकाशात भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. माणसे मात्र आठ ते दहा हजार मेली. कारण मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर, गळती थांबावी म्हणून वर्षानुवर्षे मातीचे थर चढवलेली माळवदे. विसर्जनाच्या दुसऱ्याच पहाटे हे व्हावे, यात कोप शोधणाऱ्यांना कोप सापडला असेल. अभियंत्यांना दोन्ही बाजू बांधून ठेवणारा जोडदगड नसलेली भिंत सापडली. यात एक सूक्ष्म धोका आहे. ‘घरेच तशी होती’ हे वाक्यही सहज ‘त्यांनी घरे तशी का बांधली’ इथवर घसरते. दगड आणि माती हाताशी होती आणि सिमेंट परवडत नव्हते, हे विसरले की विज्ञानही कर्मवादाच्या पंगतीत जाऊन बसते.

समर्थनाचा हा सगळा उद्योगच बंद करावा, असे म्हणणारा प्रवाह गेल्या शतकात बळावला. त्याचे मूळ जुने आहे: कांटने १७९१ मध्ये अशा सर्व प्रयत्नांच्या अपयशावर निबंध लिहिला आणि बायबलमधल्या निर्दोष पण दुःखात पडलेल्या ईयोबाला त्याच्या मित्रांपेक्षा वर ठेवले. त्या कथेत ते मित्र ईयोबाजवळ सात दिवस सात रात्री गप्प बसतात तोवर ठीक असतात. ‘तू काही पाप केले असशील’ हे सांगायला तोंड उघडतात, आणि अखेरीस देव त्यांच्यावरच रागावतो. ज्यूंच्या संहारानंतर हा स्वर तीव्र झाला. आयर्विंग ग्रीनबर्ग या रब्बीने कसोटीच घालून दिली: जळत्या मुलांच्या समोर उच्चारता येणार नाही असे विधान करूच नये. घरची बहुतेक माणसे नाझींच्या हातून गमावलेल्या एमान्युएल लेव्हिनास या तत्त्वज्ञाने १९८२ मध्ये ‘व्यर्थ दुःख’ या निबंधात म्हटले, की शेजाऱ्याच्या वेदनेचे समर्थन करणे हेच सर्व अनीतीचे मूळ आहे. माझ्या दुःखाला अर्थ येऊ शकतो तो दुसऱ्याच्या दुःखासाठी सोसले तर. याआधी मी जे म्हटले, त्याची बरीचशी उसनवारी इथली आहे.

पण या प्रवाहाने स्वतःची सोय करून घेतली आहे, असे मला वाटते. मूल गमावलेला बाप ‘का’ विचारतो, तेव्हा प्रश्न विचारणेच अनैतिक आहे असे त्याला सांगता येत नाही. हॅरोल्ड कुशनर या अमेरिकन रब्बीचा मुलगा प्रोजेरिया या अकाली वार्धक्याच्या आजाराने चौदाव्या वर्षी गेला. १९८१ च्या पुस्तकात त्याने गप्प न बसता देवाची सर्वशक्तिमत्ताच सोडून दिली. तर्काच्या दृष्टीने पुस्तक साधे आहे, पण त्यात खुलाशाची किंमत बाप स्वतःच्या श्रद्धेतून मोजतो, मुलाच्या खात्यावर टाकत नाही. देव नसल्याचे मानणाऱ्यांना ही किंमत मोजावी लागत नाही हे खरे. पण त्यांच्याकडे देण्यासारखा खुलासाही नसतो, आणि काहींना तोच त्यांचा प्रामाणिकपणा वाटतो.

आजची सर्वांत जिवंत चर्चा रोच्या पाडसापाशी येऊन ठेपली आहे. डार्विनने १८६० मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रेला लिहिले होते, की सुरवंटाच्या जिवंत शरीरात वाढणाऱ्या गांधीलमाशीसारख्या कीटकांची रचना दयाळू देवाने मुद्दाम केली असेल हे पटत नाही. मायकेल मरेने २००८ मध्ये आणि ट्रेंट डोहर्टीने २०१४ मध्ये प्राण्यांच्या वेदनेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिले. डोहर्टी तर प्राण्यांनाही पुनरुत्थान आणि त्यांच्या भोगाची समज मिळेल, इथवर गेला. हसण्याआधी आपल्याकडची भोगयोनीची कल्पना आठवावी: पशू नवे कर्म करत नाही, जुने फेडतो. वणव्यातल्या पाडसालाही मग मागचा जन्म चिकटतो. दुःखाचा अर्थ भोगणाऱ्यानेच लावावा, ही माझी कसोटी इथे कामाची राहत नाही, कारण पाडस काही सांगणार नाही आणि त्याच्यापुढे कोणी कर्ममेळाही उभा राहणार नाही. त्याच्या वतीने खुलासा स्वीकारायचा की नाकारायचा, हे दुसऱ्याच कोणालातरी ठरवावे लागते. मी नाकारणाऱ्यांच्या बाजूचा आहे, पण तो अधिकार मला कोणी दिला हे मला सांगता येत नाही.